तिकिटावर नसलेला चेहरा

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद ज्यांना होता, त्यांच्या वहीत रशियन तिकिटांची दोन-चार पाने हमखास असत. मोठी, रंगीत, आणि बहुतेकांवर एखादे यान नाहीतर अंतराळवीर. कोपऱ्यातली अक्षरे मुले ‘सीसीसीपी’ अशी वाचत. ती खरे तर रशियन लिपीतली ‘एसएसएसआर’ होती. स्पुटनिक, बेल्का आणि स्ट्रेल्का या कुत्र्या, हसरा युरी गगारिन, व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा, यानाबाहेर तरंगणारा अलेक्सेई लिओनोव्ह. अंतराळयुगाची पहिली आठ-नऊ वर्षे या तिकिटांवरून क्रमाने लावता येतात. फक्त ज्या माणसाने हे सगळे घडवून आणले, त्याचे तिकीट त्या वर्षांत सापडत नाही. सर्गेई पाव्हलोविच कोरोलेव्ह जिवंत असेपर्यंत त्यांचे नाव छापायलाच बंदी होती.

कोरोलेव्ह यांचा जन्म जानेवारी १९०७ चा, युक्रेनमधल्या झितोमिर गावचा. वडील शिक्षक. आईवडिलांचे पटले नाही, ते वेगळे झाले आणि मुलगा आजोळी नेझिन येथे वाढला. आईने पुढे एका इंजिनिअरशी लग्न केले, कुटुंब ओडेसाला गेले आणि समुद्रकाठच्या त्या शहरात मुलाला विमानांचे वेड लागले. सतराव्या वर्षी त्याने स्वतः ग्लायडरचा आराखडा काढला होता. कीव्ह आणि नंतर मॉस्कोत शिक्षण झाले; पदवीच्या प्रकल्पाला मार्गदर्शक होते प्रसिद्ध विमानरचनाकार तुपोलेव्ह. १९३१ मध्ये फ्रिड्रिख त्सांडर या अग्निबाणवेड्या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी मॉस्कोत एक गट उभारला. ऑगस्ट १९३३ मध्ये त्या गटाचा पहिला अग्निबाण उडाला, जेमतेम चारशे मीटर. पण उडाला.

पत्नी झेनिया सर्जन होत्या. १९३५ मध्ये मुलगी झाली, नताशा. तीही पुढे छातीच्या शस्त्रक्रिया करणारी सर्जन झाली. वडिलांच्या अखेरच्या आजाराबद्दल जे आज ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या डॉक्टर मुलीने नंतर चिकाटीने गोळा करून लिहून ठेवले.

२७ जून १९३८ च्या रात्री कोरोलेव्ह यांना घरातून अटक झाली. ते स्टालिनच्या धरपकडीचे दिवस होते. त्यांच्या संस्थेच्या दोन प्रमुखांना आधीच गोळ्या घातल्या होत्या. आरोप घातपाताचा. चौकशीत मारहाण झाली आणि त्यात जबडा मोडला. पाण्याच्या जड सुरईचा फटका बसला, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. त्यावर उपचार झाले नाहीत. खालचा जबडा मोडला की दात एकमेकांवर नीट बसवून, तो काही आठवडे बांधून ठेवावा लागतो. तसे केले नाही तर हाड वाकडे जुळते, कानापुढचा सांधा आखडतो आणि तोंड पूर्ण उघडत नाही. माणूस जेवतो, बोलतो, हसतोही. सवय होते. वाकड्या जुळलेल्या त्या हाडाचा पुढे पुन्हा संबंध येणार आहे.

शिक्षा झाली दहा वर्षांची. सैबेरियाच्या अतिपूर्वेला कोलिमा भागात माल्दियाक नावाची सोन्याची खाण होती, तिथे त्यांना पाठवले. गोठवणारी थंडी, दिवसभर खोदकाम, आणि खायला पातळ रस्सा व पाव. काही महिन्यांत स्कर्व्ही झाला. हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. आपल्या शरीरात पेशींना एकत्र धरून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते घट्ट विणले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की हिरड्या फुगतात, रक्त येते, दात हलू लागतात, पाय सुजतात, जुन्या जखमाही पुन्हा उघडू शकतात. कोरोलेव्ह यांचे बरेच दात तिथे पडले. एक आवळा, एक पेरू, नाहीतर थोडी कोबी रोज मिळाली असती तर हे झाले नसते. शेकडो वर्षे खलाशी ज्या रोगाने मेले आणि ज्याचे कारण १९३८ पर्यंत शास्त्राला पक्के कळले होते, त्या रोगाने छावण्यांतली माणसे मरत होती.

इकडे आई मारिया कार्यालयांचे उंबरठे झिजवत होती. मिखाईल ग्रोमोव्ह आणि व्हॅलेंतिना ग्रिझोदुबोव्हा या नामवंत वैमानिकांनी शब्द टाकला आणि खटला पुन्हा चालवायचे ठरले. परतीच्या वाटेवर कोरोलेव्ह यांचे जहाज चुकले, असे सांगतात. इंदिगिर्का नावाचे ते जहाज डिसेंबर १९३९ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ आपटले आणि सातशेहून अधिक माणसे बुडाली.

नव्या खटल्यात शिक्षा आठ वर्षांवर आली, पण ती कैदी इंजिनिअरांच्या रचनाकेंद्रात भोगायची होती. तिथे कोरोलेव्ह यांना वरिष्ठ म्हणून भेटले ते त्यांचे जुने गुरू तुपोलेव्ह, तेही कैदीच! दिवसा विमानांचे आराखडे, रात्री पहारा. सुटका १९४४ मध्ये झाली. आरोप खोटे होते हे सरकारने मान्य केले १९५७ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्पुटनिकच्या जेमतेम सहा महिने आधी.

मधल्या काळात त्यांनी पराभूत जर्मनीत जाऊन व्ही-२ अग्निबाणांचा अभ्यास केला, त्यांची रशियन आवृत्ती आर-१ बनवली आणि १९४८ मध्ये कापुस्तिन यार येथून ती उडवली. त्यानंतर आले आर-७. हे बनवले होते अण्वस्त्र दुसऱ्या खंडात टाकण्यासाठी. ऑगस्ट १९५७ मध्ये त्याचे उड्डाण यशस्वी झाले, आणि ज्या अग्निबाणावर बॉम्ब चढवायचा त्यावर एक छोटा गोळा चढवू द्या, असा आग्रह कोरोलेव्ह यांनी वरिष्ठांकडे धरून ठेवला होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा तो गोळा पृथ्वीभोवती फिरू लागला.

सोव्हिएत टपाल खात्याने त्या नोव्हेंबरात स्पुटनिकचे तिकीट काढले. शिवाय आणखी एक गंमत केली. अंतराळप्रवासाचे गणित मांडणाऱ्या त्सिओलकोव्हस्की यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट नुकतेच छापले होते. त्यावरच उपग्रहाची तारीख आणि मजकूर वरून छापला. त्सिओलकोव्हस्की थोर होतेच, पण त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. ज्याने उपग्रह सोडला तो पन्नास वर्षांचा माणूस मॉस्कोजवळच्या कारखान्यात काम करत होता आणि वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख ‘मुख्य रचनाकार’ एवढाच होई. स्वतः लिहायचे झाले तर ते प्राध्यापक के. सर्गेयेव्ह या टोपणनावाने लिहीत. परदेशी परिषदांना दुसरेच शास्त्रज्ञ जात आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रे त्यांनाच स्पुटनिकचे जनक समजत. शत्रूचे हेर घात करतील, हे गुप्ततेचे कारण दिले जाई. यानांचे खरे रूपही लपवलेले होते. गगारिनच्या उड्डाणानंतर निघालेल्या तिकिटांवरची याने चित्रकारांच्या कल्पनेतली आहेत. व्होस्टोक हे यान प्रत्यक्षात चेंडूसारखे गोल होते, आणि ते लोकांना पाहायला मिळाले १९६५ मध्ये.

१२ एप्रिल १९६१ ची ती १०८ मिनिटे जगाला पाठ आहेत. त्याआधीचा डिसेंबर फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या महिन्यात कोरोलेव्ह यांना हृदयविकाराचा झटका आला होता. विश्रांतीचा सल्ला मिळाला. त्यांनी चार महिन्यांत माणूस अंतराळात पाठवला. पुढे हृदयाची लय बिघडू लागली, आतड्यातून रक्तस्राव होऊ लागला, ऐकूही कमी येऊ लागले. कैदेतल्या दिवसांविषयी ते क्वचितच बोलत.

ते स्वभावाने गरीब मुळीच नव्हते. ओरडत, क्षणात एखाद्याला कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावत. जोखीमही घेत, आणि त्यांतली एक डॉक्टरी नजरेला आजही खटकते. ऑक्टोबर १९६४ मध्ये व्होस्खोद यानातून तिघे गेले, त्यांत बोरिस येगोरोव्ह होते, अंतराळात गेलेले पहिले डॉक्टर. पण एका माणसासाठी बनवलेल्या यानात तिघांना बसवायचे म्हणून त्यांना अंतराळपोशाख दिलेच नव्हते आणि बाहेर फेकले जाण्याची आसनेही काढली होती. अमेरिकेच्या आधी तिघे पाठवायचे, ही वरून आलेली घाई. काही झाले नाही म्हणून ते उड्डाण आज तिकिटांवर आहे. मार्च १९६५ मध्ये लिओनोव्ह यानाबाहेर पडले आणि पोशाख फुगल्यामुळे आत परतताना त्यांना हवेचा दाब कमी करावा लागला. लिओनोव्ह चित्रकार होते. पुढे आंद्रेई सोकोलोव्ह यांच्याबरोबर त्यांनी अंतराळाच्या तिकिटांची चित्रेही काढली.

जानेवारी १९६६ मध्ये कोरोलेव्ह रुग्णालयात दाखल झाले. आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदाशयात, एक कोंब आढळला होता. तो काढायचा, एवढेच. शस्त्रक्रिया करणार होते प्राध्यापक बोरिस पेत्रोव्हस्की, नामांकित सर्जन आणि त्या वेळचे देशाचे आरोग्यमंत्री. १२ तारखेला कोरोलेव्ह ५९ वर्षांचे झाले. १४ तारखेला सकाळी त्यांना टेबलावर घेतले.

पोट उघडल्यावर कळले की तो साधा कोंब नाही, मोठी गाठ आहे, कर्करोगाची. शस्त्रक्रिया लांबली. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्यातून प्राणवायू नेमका फुफ्फुसांत जातो आणि पोटातले पाणी वर येऊन श्वासात अडकत नाही. त्यासाठी रुग्णाचे तोंड चांगले उघडावे लागते, मान मागे वाकावी लागते. कोरोलेव्ह यांची मान आखूड होती आणि जबडा पुरेसा उघडत नव्हता. नळी गेली नाही. मुखवट्यावर भूल चालू ठेवावी लागली, तीही तासन्तास, आणि आधीच दुबळ्या झालेल्या हृदयावर. अलेक्झांडर विष्नेव्हस्की या दुसऱ्या मोठ्या सर्जनला धावाधाव करून बोलावले. गाठ निघाली. पण हृदय थांबले आणि रुग्ण शुद्धीवर आलाच नाही.

आज भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला तोंड उघडायला सांगतो आणि पुढच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटे उभी मावतात का पाहतो. अर्ध्या मिनिटाची तपासणी. मावली नाहीत तर दुर्बिणीने नळी घालण्याची तयारी ठेवतात, नाहीतर गळ्याला छेद घेऊन वाट करतात. यातली लवचिक दुर्बीण तेव्हा भूलतज्ज्ञांच्या हाती आलेली नव्हती. गळ्याचा छेद मात्र जुना होता. त्या दिवशी काय करता आले असते, यावर रशियात अजून वाद होतो. सगळा दोष जबड्याला देणे बरोबर नाही. गाठ मोठी होती, हृदय खराब होते. पण अतिमहत्त्वाच्या रुग्णाच्या बाबतीत एक धोका सगळीकडे दिसतो. मोठा माणूस म्हणून मोठा डॉक्टर, आणि मोठ्या डॉक्टरला थांबा म्हणण्याची खालच्यांची हिंमत होत नाही. शिवाय जो रुग्ण आयुष्याची सहा वर्षे गिळून बसला आहे, त्याला जबड्याला कधी मार लागला होता का, हे विचारायचे तरी कोणी?

दोन दिवसांनी ‘प्रावदा’त फोटोसह मृत्युलेख आला. ज्या लोकांना आठ वर्षे नाव कळले नव्हते, त्यांना नाव, चेहरा आणि गुदाशयाचा सार्कोमा, रोहिण्यांचे काठिण्य, फुफ्फुसांचा विकार ही सगळी यादी एकाच दिवशी वाचायला मिळाली. वैद्यकीय अहवालात मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे होते. जबड्याचा उल्लेख नव्हता. अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या, गगारिनने भाषण केले. तीन आठवड्यांच्या आत, ३ फेब्रुवारीला, लुना-९ हे यान चंद्रावर अलगद उतरले. त्याचे काम कोरोलेव्ह यांच्याच कार्यालयात सुरू झाले होते. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी त्यांनी आखलेला एन-१ हा प्रचंड अग्निबाण मात्र त्यांच्यामागे चार वेळा उडवला आणि चारही वेळा कोसळला.

आर-७ चा वंश चालू राहिला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सोयूझवरून गेले, तो अग्निबाण त्याच घराण्यातला. त्या उड्डाणाचे तिकीट भारतीय टपाल खात्यानेही काढले. त्याआधी, एप्रिल १९७५ मध्ये, आपला आर्यभट उपग्रह उडाला तोही कापुस्तिन यारहूनच.

कोरोलेव्ह यांचा चेहरा तिकिटावर आला १९६९ च्या एप्रिलमध्ये, अंतराळ दिनाच्या संचात, दहा कोपेकच्या तिकिटावर. पाकिटात मिळणाऱ्या सरमिसळ तिकिटांत तेही असे. मुले ते वहीत गगारिनच्या पानावर चिकटवत. नाव रशियन अक्षरांत असल्याने ते कुणाचे, हे बहुतेकांना कळत नसे.