फादर मार्तिनी आणि चिनी लोकांचे पूर्वज

नोहाच्या शेम, हाम व याफेथ या तीन मुलांपासून पृथ्वीवर माणसे पसरली, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. मग चिनी लोक कोणाचे वंशज? सतराव्या शतकात युरोपातील विद्वानांना हा प्रश्न सतावत होता. तो सोडवताना एका येशूसंघीय फादरांची मोठी पंचाईत झाली.

मार्तिनो मार्तिनी यांचा जन्म १६१४ साली ट्रेंट येथे झाला. (ट्रेंटची विश्वपरिषद भरली तेच हे शहर.) १६३२ साली ते येशूसंघात दाखल झाले. १६४० साली लिस्बनहून निघून, वाटेत गोव्यात थांबून, १६४२ साली ते मकावला पोहोचले. पुढे हांगचौ शहर ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे चिनी भाषा शिकून ते जुने ग्रंथ वाचू लागले.

चिनी परंपरेत माणसाच्या उत्पत्तीच्या कथा पुष्कळ. न्युवा देवीने पिवळ्या मातीची माणसे घडवली, ही त्यांपैकी एक. वाचताना आपल्याला आदामची आठवण येतेच. फूशी राजाच्या आधीचे सारे मार्तिनींनी दंतकथा मानले. मात्र फूशीपासून पुढे राजामागून राजा असा नीट हिशेब होता, साठ-साठ वर्षांच्या चक्रांत मोजलेला. त्यानुसार फूशीचा काळ येत होता इ.स.पूर्व २९५२. आणि बायबलमधील वर्षांची बेरीज करून त्या काळी अनेक जण जलप्रलय धरीत इ.स.पूर्व २३५०च्या सुमारास! म्हणजे प्रलयाच्या सहाशे वर्षे आधीच चीनमध्ये राजा होता. सगळे बुडाले, तर त्याची आठवण ठेवली कोणी?

मार्तिनींना हा आकडा गाळता आला असता. त्यांनी तो गाळला नाही. १६५८ साली म्युनिकला छापलेल्या आपल्या लॅटिन इतिहासात त्यांनी तो दिला आणि प्रलयापूर्वी तेथे वस्ती होती, असे आपले मतही नोंदवले. सेप्टुआजिंट या ग्रीक बायबलमधील वर्षे अधिक भरतात, त्यामुळे मिशनऱ्यांना थोडी वाट मिळाली. तरी युरोपात वाद पेटलाच. पुढच्याच वर्षी डच विद्वान व्हॉसियस यांनी प्रलय साऱ्या पृथ्वीवर आलाच नव्हता, असे मांडले. नंतर काहींनी तर फूशी म्हणजेच नोहा असे ठरवून टाकले!

आज इतिहासकार फूशीलाही दंतकथेतलाच राजा मानतात. चीनमधले सर्वांत जुने लेख हाडांवर कोरलेले सापडले आहेत, ते इ.स.पूर्व तेराव्या शतकाच्या सुमाराचे. आणि ख्रिस्तसभाही उत्पत्तीच्या पुस्तकातून सनावळी काढायला सांगत नाही. मार्तिनींच्या काळी मात्र हे इतके सोपे नव्हते.

पूर्वजांना मान देणे हाही त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. चिनी ख्रिस्ती लोकांना ही रीत पाळू द्यावी, हे मांडायला ते रोमला गेले आणि १६५६ साली अनुकूल निर्णय मिळवला. (पुढे तो फिरवला गेला, १९३९ साली पुन्हा मोकळीक मिळाली.) रोमहून ते परत हांगचौला आले. तेथेच ६ जून १६६१ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, ते प्रभूच्या घरी गेले. चीनच्या मातीतच त्यांना पुरण्यात आले.