०.०१ अंशाची चूक, तीन ग्रॅमचा फरक! कोण होते राउल्ट?

बारावीच्या रसायनशास्त्रातील नियमामुळे परिचित असलेले फ्रान्स्वा-मारी राउल्ट १८३० मध्ये फ्रान्समध्ये जन्मले. ग्रेनोबलमध्ये त्यांनी गोठणबिंदूतील घटीवरून मोलार वस्तुमान काढण्याची पद्धत रुजवली.

खरी कसोटी मोजमापाची होती. एक किलो पाण्यात ६ ग्रॅम युरिया विरघळवला, तर गोठणबिंदू जेमतेम ०.१८६ अंशाने उतरतो. घट ०.०१ अंशाने जास्त मोजली गेली, तर मोलार वस्तुमान ६० ऐवजी ५७ येते. बर्फ धरण्याआधी द्रव गोठणबिंदूच्याही खाली थंड होतो; तोच आकडा घेतला तरी उत्तर कमी येते.

मिठाच्या द्रावणात मात्र घट जवळपास दुप्पट निघे. ती चूक नव्हती. मीठ पाण्यात आयनांत विभागले जाते, हे अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडले; राउल्ट यांची काटेकोर मोजमापे त्याला आधार ठरली. १९०१ मध्ये राउल्ट यांचे निधन झाले.