विश्लेषण : सुटका झाली, पण जायचे कुठे? सेनापती बापट, मुळशी आणि तुरुंगाबाहेरचा प्रश्न

पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या गाड्या पौड मागे टाकतात आणि थोड्याच वेळात मुळशीचे पाणी दिसू लागते. फोटो काढायला लोक थांबतात, भजी-चहा होतो, गाड्या पुढे जातात. या पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांसाठी शंभर वर्षांपूर्वी मावळातले शेतकरी तुरुंगात गेले. त्यांचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले आणि पुढे आयुष्यभर त्याच नावाने ओळखले गेले. मुळशीत येण्याआधी बापट आणखी एक काम करत होते, ते फारसे कुणाला माहीत नाही. दुसऱ्यांच्या सुटकेसाठी ते दारोदार हिंडत होते.

बापटांचा तुरुंगाशी संबंध कधी आला?

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते इंजिनीअरिंग शिकायला एडिंबरोला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीरपणे बोलल्यामुळे शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांची गाठ पडली. मग हेमचंद्र कानुनगो आणि मिर्झा अब्बास यांच्याबरोबर ते पॅरिसला गेले आणि तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची कृती शिकून १९०८ मध्ये मायदेशी परतले.

त्याच वर्षी कोलकात्यात अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतले आणि ते भूमिगत झाले. नाव बदलून, गाव बदलून चारेक वर्षे काढल्यावर इंदुरात ते पोलिसांच्या हाती लागले. पण तोपर्यंत त्या साक्षीदाराचा तुरुंगातच खून झालेला होता. भक्कम पुरावा नसल्याने बापटांना सोडावे लागले.

ही त्यांची पहिली सुटका. बाहेर आलेला माणूस पारनेरला गेला आणि त्याने हातात झाडू घेतला. पहाटे उठून गावातले रस्ते झाडायचे, शौचकूप साफ करायचे. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्यांची बसवली. एका चित्पावन घरात १९१४ च्या सुमारास हे घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे गावाने त्यावर काय म्हटले असेल, ते सांगण्याची गरज उरत नाही. पुढे पुण्यात येऊन त्यांनी ‘मराठा’सह काही पत्रांत काम केले. १९२० मध्ये मुंबईतल्या झाडूवाल्यांना संघटित करून त्यांचा संप लढवला. त्यासाठी गळ्यात पेटी अडकवून भजने म्हणत ते शहरातून फिरले.

राजबंदी मुक्ती मंडळ काय होते?

पहिले महायुद्ध संपल्यावर डिसेंबर १९१९ मध्ये ब्रिटिश बादशहाचा जाहीरनामा निघाला आणि राजकीय कैद्यांना माफी देण्याची तयारी सरकारने दाखवली. त्यानंतर अंदमानातून बंगालचे बारींद्रकुमार घोष आणि बापटांचे पॅरिसचे सोबती हेमचंद्र कानुनगो हे सुटले. बाकीचे मात्र आतच राहिले. त्यांत गणेश आणि विनायक हे सावरकर बंधूही होते. धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर यांनी या कैद्यांच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम हाती घेतली. बापट त्यात उतरले आणि त्यासाठी त्यांनी राजबंदी मुक्ती मंडळ स्थापन केले.

काम तसे कंटाळवाणे होते. घरोघर जायचे, अर्ज समजावून सांगायचा, सही मागायची, सभांत बोलायचे, लेख लिहायचे. बॉम्बची कृती घेऊन आलेला माणूस आता हातात सह्यांचे कागद घेऊन उंबरे झिजवत होता. सही देणाऱ्यालाही भीती असे, कारण यादी जाणार होती ती सरकारकडेच. पण कैदी हजार मैलांवर, समुद्रापलीकडे. त्याच्या वतीने बाहेर कुणी बोलले नाही, तर त्याचे प्रकरण फायलीत पडून राहते, हे बापटांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

सावरकर बंधूंना मे १९२१ मध्ये अंदमानातून हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणले गेले. बाबाराव १९२२ मध्ये सुटले. विनायकराव ६ जानेवारी १९२४ रोजी सुटले, पण अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा त्या अटी होत्या. म्हणजे तुरुंगाची भिंत कोठडीऐवजी जिल्ह्याच्या सीमेवर आली. सुटका आणि मोकळीक यांतले हे अंतर मुळशीच्या लोकांनाही कळणार होते, वेगळ्या रीतीने.

मुळशीत नेमके काय घडले?

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधून ते पाणी सह्याद्रीतून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडायची योजना आखली. मुळशी पेट्यातली सुमारे ५० गावे त्यात अडकत होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जाणार होती. शेतकऱ्यांना पुरेशी कल्पना न देताच काम सुरू झाले, आणि तक्रार मुळात तिथून पेटली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याची घडी बसवली होती. काम थांबले, पण काही महिन्यांपुरतेच. वर्षाअखेरीस ते पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहाचे दुसरे पर्व १ मे १९२२ रोजी सुरू झाले आणि बापटांना लगेच अटक झाली. येरवड्यात सहा महिने काढून ते बाहेर आले, पुन्हा मुळशीला गेले आणि या वेळी एक वर्षाची शिक्षा घेऊन आत गेले.

लढ्याला आतून भेग पडली ती जमिनीच्या मालकीवरून. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्याच नावावर चढल्या होत्या. कसणारा एक आणि सातबाऱ्याचा धनी दुसरा. सावकाराला जमीन जाण्याचे दुःख कसले? त्याला मोबदल्याचा दर चांगला हवा होता. जमीन द्यायचीच नाही म्हणणारा मावळा आणि भाव ठरवा म्हणणारा सावकार एका सत्याग्रहात फार काळ एकत्र राहणे शक्य नव्हते. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाच्या अभ्यासात हा ताण सविस्तर मांडला आहे. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

सुटून आलेल्या मावळ्यांपुढे काय होते?

बापट सुटत तेव्हा पुण्यात सभा होत, वर्तमानपत्रांत बातम्या येत. त्यांच्याबरोबर आत गेलेल्या शेतकऱ्याचे तसे नव्हते. त्याची शिक्षा काही महिन्यांची असली, तरी मावळात काही महिने म्हणजे भाताचा एक अख्खा हंगाम. आवण कुणी लावायची, बैल कुणी सांभाळायचे, सावकाराचा हप्ता कुणी द्यायचा? आणि बाहेर आल्यावर ज्या जमिनीसाठी तुरुंग भोगला, तिच्यावर कंपनीचे काम आणखी पुढे सरकलेले. घरी जा असे सांगून तुरुंगाचे दार उघडले जाई, पण घराखालची जमीनच संपादनाच्या नोटिशीत गेलेली.

१८९४ च्या कायद्यात मालकाला पैसे देण्याची तरतूद होती, विस्थापिताला नवे गाव देण्याची नव्हती. कुळाच्या हाती तर जवळजवळ काहीच पडत नसे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात यायला १९७६ साल उजाडले. मुळशीला त्याचा काय उपयोग? भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्येच सुरू झाले होते.

सात वर्षांची शिक्षा कशासाठी झाली?

लढा थकत चालला होता, मोबदला घेऊन लोक निघून जात होते. बापट मात्र मागे हटायला तयार नव्हते. गांधीजींबद्दल त्यांना आदर होता, पण सत्याग्रहाची त्यांची कल्पना वेगळी होती. अन्यायाविरुद्ध प्रसंगी शस्त्रही चालेल, फक्त परिणामाची जबाबदारी उघडपणे अंगावर घ्यायची आणि पळायचे नाही, असे ते मानत. ९ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी पाच साथीदारांसह धरणाच्या रेल्वेच्या रुळांवर मोठे दगड रचले आणि एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन ते गाडी अडवायला उभे राहिले.

या घटनेचे वर्णन नेहमी शौर्य म्हणून केले जाते. ते शौर्य होतेच. पण धरणाच्या कामावर राबणारे मजूरही पोटासाठीच तिथे आले होते, आणि हाती शस्त्र घेतल्यावर सत्याग्रहाला असलेली बरीच सहानुभूती आटली, हेही सांगायला हवे. मुळशीचा लढा तिथे संपला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात एकांतवासात झाली. धरणात पाणी साठले, वीज मुंबईला गेली, तेव्हा ते आतच होते.

१९३१ ची सुटका टिकली का नाही?

१९३१ मध्ये बापट बाहेर आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष झाले आणि पुन्हा भाषणे सुरू झाली. सरकारने ती चिथावणीखोर ठरवली. या वेळी सात वर्षे काळे पाणी आणि तीन वर्षे स्थानबद्धता अशी शिक्षा झाली. गांधीजींच्या उपोषणाला पाठिंबा म्हणून त्यांनी तुरुंगातच अन्न सोडले आणि त्यांची प्रकृती ढासळली.

बापट सुटल्यावर गप्प बसतील अशी अपेक्षा सरकारने का धरावी, हेच खरे तर कोडे आहे. प्रत्येक सुटकेनंतर ते ज्या कामासाठी आत गेले होते, त्याच कामाला परतत. त्यामुळे त्यांच्यासाठी तुरुंगाबाहेरचे आयुष्य नव्याने मांडण्याचा प्रश्नच आला नाही. काम ठरलेले होते आणि माणसेही वाट पाहत होती. सामान्य कैद्याकडे नेमके हेच नसते.

१९३७ मध्ये काय बदलले?

जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्याच महिन्यात, २३ जुलैला, बापट सुटले. राजबंद्यांना सोडण्याचा निर्णय राजकीय होता. पण याच काळात साध्या गुन्हेगारांकडे पाहण्याची नजरही थोडी बदलू लागली. १९३८ मध्ये मुंबई प्रांताने गुन्हेगारांच्या परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा केला. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला तुरुंगाऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजात ठेवता यावे, हा त्याचा हेतू. १९५८ मध्ये संपूर्ण देशासाठी असा कायदा झाला.

दुसरा प्रयोग संस्थानातला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावर बेतला आहे आणि त्याची कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. शिक्षा संपण्याआधीच कैद्याच्या हाताला काम आणि कुटुंबाचा सहवास मिळाला, तर बाहेरचा पहिला दिवस सोपा जातो, ही त्यामागची साधी समजूत आहे. वसाहत आजही चालू आहे.

आता हे काम करणारा समाजकार्यकर्ता कैद्याशी सुटकेच्या आधीपासून बोलू लागतो. घरी कोण आहे, ते परत घेतील का, वकील आहे का, जामिनाचे पैसे कोण भरणार, आधार कार्ड-रेशन कार्ड कुठे आहे, गावात परतणे सुरक्षित आहे का, असे त्याचे प्रश्न असतात. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून हे करत आला आहे. वकील गाठणे, घरच्यांना निरोप पोचवणे, निवाऱ्याची सोय लावणे, असे बरेचसे काम अजूनही दारोदार फिरूनच होते.

बापट पुढे कुठे गेले?

फॉरवर्ड ब्लॉक, हैदराबादचा सत्याग्रह, गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळीकडे ते होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. श्रीअरविंदांच्या ‘लाइफ डिव्हाइन’चे त्यांनी मराठीत भाषांतर केले. अरविंदबाबूही अलीपूर खटल्यातलेच एक आरोपी, निर्दोष सुटलेले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापती बापटांचे निधन झाले. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे रस्ते आहेत.