मुंबईचे शिल्पकार नाना शंकरशेट

ग्रामदैवताच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. या मंगल प्रसंगी, ज्यांनी मुंबापुरीची घडी बसविली अशा एका सत्पुरुषाचे स्मरण करावे, असे मनात आले. तालुका कचेरीत गेली वीस वर्षे गावांचे नकाशे माझ्या हाताखालून जात आहेत. जुन्या नकाशात देऊळ, विहीर, गुरचरण व स्मशान यांना राखून ठेवलेली जागा दिसते. शहरातही अशी जागा कोणीतरी राखावी लागते. ते काम नानांनी केले.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. वडील शंकरशेट मोठे सधन व्यापारी. आई लहानपणीच गेली आणि वडिलांचे छत्रही ऐन तारुण्यात हरपले. हाती अमाप संपत्ती आली. ती नानांनी चैनीत उडविली नाही, लोकांच्या कामी लावली.

नगर म्हणजे केवळ रस्ते व इमारती नव्हेत, माणसे शहाणी झाली पाहिजेत, हे नानांनी ओळखले. शिक्षणसंस्थांच्या उभारणीत ते अग्रभागी राहिले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. लोकनिंदेची पर्वा न करता त्यांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली.

आगगाडीचा विचार निघाला तेव्हा पुष्कळांना ते वेड वाटले. आपल्या भांडुपशी त्याचा संबंध आहे. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. नानांनी सर जमशेटजी जीजीभाई आदी मंडळींना बरोबर घेऊन ती उचलून धरली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या कारभारातही ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली आणि २१ मैलांचा प्रवास करून पोचली. निमंत्रितांत नानाही होते. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या गावांच्या शिवारांतून ती गाडी धुराचे लोट सोडीत गेली. आज आपली मुले ज्या लोहमार्गाने रोजीरोटीसाठी जातात, त्याचा पाया तो.

परंतु या लेखकाला सर्वांत मोठे वाटते ते सोनापूरचे काम. गिरगावाजवळील सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर शिवडीस हलवावी, असा सरकारचा विचार होता. श्रीमंताची अंत्ययात्रा कोठेही जाऊ शकते. गरिबाने खांद्यावर प्रेत घेऊन किती कोस चालावे? नानांनी सरकारदरबारी झुंज दिली आणि स्मशान जागेवरच राहिले. ज्यांना दरबारात बोलता येत नव्हते, त्यांच्या वतीने नाना बोलले.

१८५२ साली लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. १८६२ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. भायखळ्याचा राणीचा बाग व तेथील वस्तुसंग्रहालय यांसाठी ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर झटले. संग्रहालय लोकांना खुले झाले १८७२ मध्ये. ते पाहण्यास नाना नव्हते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली होती. लावणाऱ्याला फळ मिळतेच असे नाही, तरीही झाड लावावे लागते.

नाना मोठे धर्मनिष्ठ होते. नाना चौकाजवळील भवानीशंकराचे मंदिर त्यांच्याच घराण्याचे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. माझ्यासारख्या एस.एस.सी.वर थांबलेल्या माणसालाही ते नाव शाळेपासून आदराचे आहे.

असो. आपल्या मंदिरापुढील अंगणात गाळे काढावेत, भाडे येईल, अशी एक सूचना आली होती. गावकऱ्यांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली व अंगण मोकळे राखले. तेथे मुले खेळतील, पालखी फिरेल, म्हातारी माणसे संध्याकाळी टेकतील. चारी बाजूंनी इमारती उठत असताना ही मोकळी जागा आपण पुढच्या पिढीस देत आहोत. नानांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन ते कोणते? देव आपणा सर्वांना अशीच बुद्धी देवो, ही ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.