र. धों. कर्वे

महर्षी अण्णासाहेब कर्व्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मात्र वडिलांच्या सावलीतच राहिले. जन्म १८८२ चा. गणितात हुशार; पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ज्या विषयावर नवराबायकोही आपसांत बोलत नसत, तो हा गृहस्थ उघड समजावून सांगू लागला! परिणाम व्हायचा तोच झाला. प्रचार की नोकरी, असा पेच पडला आणि प्राध्यापकी गेली. घरखर्चाचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. त्यांचे नाव आपण फारसे घेत नाही, हा आपला कृतघ्नपणाच.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. वाचक आपल्या शंका लिहून पाठवीत आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. आईबापांना विचारता येत नाही, मास्तरांना तर नाहीच. अशा वेळी तरुणाने जावे कुठे? ही अडचण आपल्या पिढीलाही अपरिचित नाही.

त्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही खटला हरला, २०० रुपये दंड झाला. अंक मात्र थांबला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले, तोवर पदरमोड करून ते मासिक चालवीतच होते.