पहिला रघूजी भोसले व नागपूरचें राज्य

वाचकहो, नॉर्वेचा राजा संत ओलाफ ह्याचें नांव आपणांपैकीं कित्येकांस संतमालिकेवरून ठाऊक असेल. तो १०३० सालीं रणांत पडला. पुढें सुमारें दोनशें वर्षांनीं आइसलंडांतील स्नोरी नांवाच्या गृहस्थानें त्या राजघराण्यानें गादी कशी मिळविली व राखिली, तें 'सागा' म्हणजे एक प्रकारच्या बखरींत लिहून ठेविलें. तशीच हकीकत आमच्या अल्लीपूरपासून फार दूर नाहीं अशा मुलुखांत घडली, व तिचीही बखर झाली.

रघूजी हा बिंबाजी भोसल्याचा मुलगा. त्याचा चुलता कान्होजी हा शाहू महाराजांचा सेनासाहेबसुभा असून वऱ्हाडांत भाम येथें राहात असे. कान्होजीस मूल नव्हतें, म्हणून त्यानें पुतण्यास जवळ ठेवून वाढविलें. पुढें त्याला स्वतःचा पुत्र झाला, आणि घरांतील वारें फिरलें. रघूजी थोडे स्वार घेऊन बाहेर पडला. गोंड राजाच्या व एलिचपूरच्या नबाबाच्या पदरीं राहून अखेर साताऱ्यास पोहोंचला. शाहू महाराजांस शिकारीचा षोक भारी, आणि रघूजी तर पट्टीचा शिकारी! महाराजांची मर्जी बसली, व शिर्के घराण्यांतील मुलीशीं लग्न होऊन तो राजघराण्याचा सोयराही झाला.

इकडे कान्होजी सरकारचा हिशेब देईना. तेव्हां त्याचें पद रघूजीस देऊन त्यालाच चुलत्यावर पाठविण्यांत आलें. वणीजवळ मंदर येथें कान्होजी हातीं लागला, आणि पुढें साताऱ्यास कैदेंतच वारला. ही राजाज्ञा होती खरी. पण जुना घरचा सल तींत मुळींच नव्हता, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

१७३९ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला. वलीशहानें गादी बळकाविली, तेव्हां राजाच्या विधवेनें आपल्या दोन मुलांसाठीं रघूजीस हांक मारिली. त्यानें वलीशहाचा पाडाव करून बुऱ्हाणशहा व अकबरशहा ह्या भावांस गादीवर बसविलें, मोठी रक्कम व मुलुखाचा हिस्सा पदरांत पाडून घेतला, आणि तो परत गेला. येथवर त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु १७४३ सालीं भाऊ भाऊ भांडले, व बुऱ्हाणशहानें पुनः त्यालाच बोलाविलें. ह्या खेपेस तो परत गेला नाहीं. अकबरशहा हैदराबादेकडे पळाला. बुऱ्हाणशहा नागपुरांत नांवाचा राजा राहिला.

मध्यंतरीं १७४० त दमलचेरीच्या घाटांत अर्काटचा नबाब दोस्तअली पडला, आणि पुढल्याच वर्षीं रघूजीनें त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें. बंगालच्या स्वाऱ्यांत तिकडील रयतेचे जे हाल झाले, ते मात्र आम्हां मराठी लोकांस अभिमानानें सांगण्याजोगे नाहींत. १७५१ च्या तहानें ओरिसा व सालीना बारा लक्ष चौथाई ठरली. १७५५ त रघूजी वारला.

१८५३ त इंग्रजांनीं हें राज्य खालसा केलें, व १८६२ त आमचा वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा निघाला. भोसल्यांनीं गोंड राजाचें नांव मात्र पुसलें नाहीं. त्याच्या वंशजांस नेमणूक चालू होती, आणि नवा भोसला गादीवर बसे तेव्हां त्याच्या कपाळीं टिळा लावण्याचा मान गोंड राजाचाच असे.