डॉक्टर रॉबर्ट कॉख आणि त्यांचे गिनीपिग

डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यांत 26 फेब्रुवारी 1887 रोजीं क्षयानें वारल्या, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. अमेरिकेंतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या बाईंस वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. ज्या रोगानें त्यांस नेलें त्याचें मूळ त्यापूर्वीं पांचच वर्षें बर्लिन शहरीं सांपडलें होतें. तें शोधून काढणारे रॉबर्ट कॉख यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म 11 डिसेंबर 1843 रोजीं जर्मनींतील क्लाउस्थाल या खाणींच्या गांवीं झाला. वडील खाणीवरील अधिकारी. भावंडें तेरा, त्यांत हे तिसरे. 1866 सालीं ते डॉक्टर झाले आणि पुढें वोल्स्टाइन नांवाच्या आडगांवीं सरकारी वैद्य म्हणून राहिले. तेथें रोगी तपासून उरलेल्या वेळांत ते राहत्या घरींच सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बसत. मोठी प्रयोगशाळा नाहीं, साहाय्यक नाहीं. लांकडाच्या बारीक काड्यांनीं उंदरांस रोगट रक्त टोंचावें आणि काय होतें तें पाहावें, असा क्रम. एवढ्या साधनांवर गुरांच्या काळपुळीचा जंतु त्यांनीं 1876 सालीं विद्वानांपुढें सिद्ध करून दाखविला.

क्षयाचें काम याहून पुष्कळ अवघड होतें. हा जंतु रंग लवकर घेत नाहीं आणि वाढतोही फार सावकाश. काचेच्या नळींत त्याची वाढ दिसावयास आठवडे लागतात. डॉक्टर कॉख यांनीं निळ्या रंगावर तपकिरी रंग चढविला, तेव्हां फुप्फुसाचा बाकीचा भाग तपकिरी झाला आणि जंतूंच्या बारीक काड्या तेवढ्या निळ्या राहिल्या. मग ते जंतु वेगळे वाढवून त्यांनीं गिनीपिग, ससे, मांजरें, रानउंदीर अशा दोनशेंहून अधिक प्राण्यांस टोंचले. गिनीपिगांस क्षय हटकून जडे. 24 मार्च 1882 रोजीं सायंकाळीं त्यांनीं हा सर्व पुरावा बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें मांडला.

येथें थोडें थांबून प्राण्याप्राण्यांतील भेद पाहिला पाहिजे. ज्या जंतूनें गिनीपिग थोडक्या दिवसांत खंगतो त्यास मोठा उंदीर पुष्कळ काळ दाद देत नाहीं. श्वासनलिकांचें नुसतें अस्तर घेतलें तरी तें सर्वांत एकसारखें नसतें. माणसाच्या मोठ्या नलिकांत कफ उत्पन्न करणाऱ्या ग्रंथि सर्वत्र आहेत. लहान उंदरांत त्या कंठनाळाच्या वरच्या भागांतच आढळतात. उलट गदेच्या आकाराच्या कांहीं पेशी उंदराच्या नलिकांत वरपासून खालपर्यंत पसरलेल्या असतात, माणसांत त्या मुख्यतः अगदीं बारीक नलिकांत असतात. हें ज्ञान पुष्कळ पुढचें आहे. डॉक्टर कॉख यांस तें नव्हतें. तथापि प्राणी व माणूस यांतील अंतराचा चटका त्यांस स्वतःच्या देहावरच बसला होता.

1890 सालीं त्यांनीं ट्यूबरक्युलिन नांवाचें द्रव्य तयार केलें. निरोगी गिनीपिग त्याचे 2 घन सेंटिमीटर सहज सोशी. डॉक्टरांनीं आपल्या दंडांत पाव घन सेंटिमीटरच टोंचून घेतलें, तों कांहीं तासांतच हातपाय दुखूं लागले, खोकला आला, श्वास जड झाला आणि सुमारें तासभर हुडहुडी भरली. एवढा इशारा मिळूनही, गिनीपिगांतील रोग थांबलेला पाहून त्यांनीं माणसांविषयींही आशा जाहीर केली. देशोदेशींचे क्षयी बर्लिनकडे धांवले. औषध कशाचें आहे हेंही त्यांनीं आरंभीं गुप्त ठेविलें. तें त्यांनीं करावयास नको होतें असें आम्हांस वाटतें. पुढें फिर्खो यांनीं मेलेल्या रोग्यांचीं शरीरें उघडून पाहिलीं, तों कित्येकांत रोग उलट पसरलेला आढळला. अंथरुणाला खिळलेल्या त्या बिचाऱ्यांच्या निराशेची कल्पनाच करावी. तें द्रव्य औषध म्हणून फसलें, मात्र रोगाची लागण ओळखण्यास तें उपयोगी पडलें आणि हाताच्या त्वचेवरील चाचणींत अजूनही वापरतात.

1897 सालीं आपल्या प्रांतांत प्लेगनें कहर केला, तेव्हां जर्मन वैद्यमंडळाचे प्रमुख म्हणून डॉक्टर कॉख मुंबईस आले होते. त्याच वर्षीं पुण्याचे लोक घरें सोडून झोपड्यांत राहावयास जात होते.

चार वर्षांनीं लंडन येथें त्यांच्या हातून पुन्हां तशीच चूक झाली. माणसाचा क्षयजंतु वासरांस बाधत नाहीं, यावरून गाईच्या क्षयापासून माणसास फारसें भय नाहीं असें त्यांनीं प्रतिपादिलें. तपासाअंतीं तें खोटें ठरलें. कच्च्या दुधावाटें मुलांस तो रोग जडत होता. 1905 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें आणि 27 मे 1910 रोजीं बाडेन-बाडेन येथें ते निवर्तले.

क्षयावर खरोखर गुणकारी असें स्ट्रेप्टोमायसीन 1943 सालीं सांपडलें. आनंदीबाईंस जाऊन तेव्हां छप्पन वर्षें झालीं होतीं. अमेरिकेंत तें माणसांस देण्यापूर्वीं पारखून पाहिलें, तेंही गिनीपिगांवरच.